खोलीचा आवाज

माईक रोल्याच्या जुन्या बाजारातला, साठ दिरहमचा,
एका बाजूने चेपलेला.
दुकानदार म्हणाला, चालतो. चालतो.
स्टँड म्हणजे दूध पावडरचा डबा, वाळूने भरलेला.
शारजात फुकट मिळतं ते एवढंच.
बांगडीवर पायमोजा ताणून बसवलाय,
प, फ, भ यांनी माईकच्या तोंडात मारू नये म्हणून.

कपाटाचं दार सताड उघडं.
आत अवधूतचे तीन गणवेश, माझा शालू,
दोन्ही अंगांना उभी
गावी न्यायची जाड ब्लँकेटं, प्लॅस्टिक काढून.
(प्लॅस्टिक चुरचुरतं. हे दुसऱ्या दिवशी कळलं.)

जुलै. दुपारचे साडेतीन.
फ्रिजची पिन काढते, आत घराची किल्ली ठेवते,
पुन्हा लावायची आठवण राहावी म्हणून.
शेवटी एसी.
तो गप्प झाला की खोली कान टवकारते.
अवधूत रात्रपाळीहून येऊन झोपलाय.
घामानं तो जागा होईपर्यंत
माझ्याकडे बारा मिनिटं.

"दिवसा जमीन लवकर तापते.
समुद्रावरून जमिनीकडे येतात ते खारे वारे."
सहावीचा भूगोल, मिरजेच्या अंध मुलांसाठी.
पाठीवरून धार उतरते. तिला आवाज नाही, बरंय.
"रात्री जमिनीवरून समुद्राकडे जातात ते
मतलई."
मतलईला तीनदा अडखळले.
चौथ्यांदा वरच्या मजल्यावर कुणाचं तरी मूल धावलं.
पाचव्यांदा असरची अजान.
थांबले. घोटभर पाणी प्यायले.
काय दमसास आहे त्या माणसाचा!

मग दहा सेकंद काही बोलायचं नसतं.
नुसती खोली रेकॉर्ड करायची.
लॅपटॉपला तो नमुना दाखवला
की सगळ्या धड्यातून तेवढंच वेचून काढतो,
तांदळातले खडे काढावेत तसं.
हेडफोन लावून ऐकलं:
लांबचा हमरस्ता, भिंतीतली कसलीशी गुणगुण,
आणि अवधूत.
आत घेतो. थांबतो.
थांबतो.
मग सोडतो, घाईनं.
पडद्यावरच्या पट्टीवर मोजलं. अकरा सेकंद.
मध्ये एक सेकंदही नाही, नुसती सरळ रेघ.
सात वर्षं शेजारी झोपते मी.

बटण दाबलं. धडा स्वच्छ झाला.

मिरजेहून हेमलता खाडिलकर बाईंचा निरोप:
पान एकेचाळीस परत वाचा.
मतलईनंतर मागे कुणीतरी म्हणतंय, "एसी लाव गं."
मुलं फार हसली, पण चालायचं नाही.

शुक्रवारी परत वाचलं.
अवधूत जागा, डोक्यावर ओला पंचा,
पलंगाच्या कडेवर शाळेतल्यासारखा ताठ.
मतलई पहिल्या फटक्यात आलं.
नमुन्याच्या दहा सेकंदांत
त्यानं मुद्दाम श्वास धरला, माझ्या कामाला मदत म्हणून,
गाल फुगवून, डोळे मिचकावून.
सोड, म्हटलं. सोड आधी.
तेही रेकॉर्ड झालं.

जुना नमुना पुसलेला नाही.
सोमवारी सकाळची वेळ मिळालीय दवाखान्यात.
डॉक्टरांना ऐकवायचाय.
किल्ली सापडत नव्हती, तर लोण्याच्या डब्यामागे निघाली,
कोमट. फ्रिज कालपासून बंद.