चोपड्याच्या बाजारात

गूस घे, सुपडू म्हणाला,
रात्री केळीत कोणी शिरलं
तर अख्खं शिवार उठवते.
तिनं मान लांबवून मला न्याहाळलं,
मोठ्या नणंदेसारखं.

बदकं टोपलीत गप्प.
ठिबकच्या नळ्यांखाली गोगलगायी किती,
मी मनात मोजत होते.
शेततळं माझं दोन खाटांएवढं,
आणि चोरायला काय?
एक घड, तोही कोवळा.

सहा बदकं घेतली. कंडक्टरनं
त्यांचं अर्धं तिकीट मागितलं, हसत.

रात्री दार ओढताना
नळ्यांकडून काहीतरी खसफसलं.
तेव्हा गूस आठवली.
अंधाराला कुणीतरी विचारावं ना,
कोन शे रे तठे?

मीच विचारलं.
टोपलीत सहा चोची हलल्या.