अकरा वाजताची दुपार

कलम चौदा, पोटकलम तीन:
वेढ्यातल्या किल्ल्याला रसद न पोहोचल्यास
फेरीअखेर शिबंदीतली एक सोंगटी उचलावी.

फेरीअखेर म्हणजे नेमकी कधी,
यावर बोहुमिर आणि वेंदुला
सकाळी नऊपासून भांडतायत.
मी तिसरा. माझं सैन्य नकाशाच्या पार वरच्या कोपऱ्यात
बर्फ वितळायची वाट बघत बसलंय,
म्हणून न्यायाधीश मला केलंय
आणि कॉफीही मीच करतोय.

बोहुमिर अडतीस वर्षं ट्रामच्या डेपोत होता.
लाल म्हणजे लाल.
चष्मा कपाळावर सारून तो नियमपुस्तिका
डोळ्यांना चिकटवतो:
"अखेर म्हणजे माझी चाल संपली की. तुझी सुरू व्हायच्या आधी."
वेंदुला रात्रपाळी करून थेट आलीय,
हॉस्पिटलचे पांढरे बूट अजून पायात.
"अखेर म्हणजे दोघांची संपली की.
मरणारा माणूससुद्धा आपली चाल खेळून जातो.
मी बघते ना रोज."

मग नदी.
पुस्तिका म्हणते, लगतचा प्रत्येक षटकोन अडवलेला हवा.
पाण्याला लगतचं म्हणायचं का?
निळी रेघ बरोबर कडेकडेनं जाते
आणि एका ठिकाणी, बहुधा छापताना कागद सरकल्यामुळे,
किल्ल्याच्या बाजूला जराशी आत शिरते.
वेंदुला तिथे नखाने टिचकी मारते.
"इथून होडी येईल."
"एवढ्याशा फटीतून?"
"एवढ्याशा फटीतून पीठ येतं, बोहुमिर."

शब्दांचा कीस पडून पडून टेबलावर ढीग झालाय.
सुरुंगाला तक्ता आहे, खिंडाराला फासा आहे,
तहाला दीड पान.
मी उगाच शेवटची खुणांची यादी उलगडतो:
तोफ, घोडा, पोतं, निशाण.
पावाच्या रांगेतली बाई नाही,
विहिरीवर नंबर लावून बसलेलं पोर नाही.
या किल्ल्यात भूक लागते ती फक्त शिबंदीला.
मी हे बोलत नाही.
बोहुमिर म्हणेल, कलम दाखव.

"नाक दाबलं की तोंड उघडतं," तो तोफ पुढे सरकवतो.
"आधी नाक हाताला लागू दे," ती जांभई देते.

सुरुवातीलाच ठरलं होतं, वेंदुलाला झोपायचंय;
तोवर किल्ला पडला नाही तर वेढा उठला.
मागच्या कोऱ्या पानावर मीच लिहून घेतलं,
दोघांच्या सह्यांनिशी:
"बाराचे टोल पडले की संपलं."

पाच हवे होते, किंवा सहा.
फासा त्याच्या मुठीत होता
तेव्हा पेत्रोवच्या टेकडीवर घंटा सुरू झाली.

भिंतीवर अकरा. मनगटावर अकरा. ओव्हनवरही.
पण ब्रनोत कॅथीड्रल अकरालाच बारा वाजवतं.
स्वीडिश फौज गावाबाहेर बसली होती तेव्हापासून, असं सांगतात:
सेनापती म्हणाला, बारापर्यंत पडलं नाही तर निघून जाईन,
आणि कुणीतरी तासभर आधीच दोरीला हात घातला.
खरं-खोटं देव जाणे. शाळेत आम्हा तिघांनाही पाठ होतं.

"घड्याळ बघ," बोहुमिर म्हणाला.
"सही बघ," वेंदुला म्हणाली.
दोघांनी माझ्याकडे बघितलं.
टोल हा शब्द मी मुद्दाम लिहिला होता का?
आठवत नाही. मी कॉफी ओतली.

त्यानं फासा टाकला नाही, अलगद ठेवला.
वर सहा आले.
"हे धरायचं नाही," तो स्वतःलाच म्हणाला,
आणि थोड्या वेळानं, बोट ओलं करून पान उलटत,
"पण मग फेरीही संपली ना?
चौदा-तीन. एक सोंगटी कमी."

उत्तर आलं नाही.
वेंदुला नकाशावर डोकं टेकून झोपली होती,
एक गाल नदीवर,
किल्ला तिच्या कोपराच्या आत.

बोहुमिरनं वाकून सगळ्या बाजूंनी बघितलं,
मग आवाज खाली आणून
कलम पहिल्यापासून वाचायला लागला.