मागचं पान

सावद्याला, सराफाच्या दुकानावरच्या खोलीत
कूलरमध्ये बादली रिकामी करून बसते मी.
केळीच्या काट्याचं ॲप. बेचाळीस गावं.

आधी सगळं एकदम पाठवायचे:
भाव, फरक, वजन, गाड्या, पिकवणघरं,
कांदेबागेचा हिशेब मृगबागेच्या दिवसांतसुद्धा.
सुभान तडवीच्या फोनची काच तडकलेली.
तडकलेल्या रेघेखाली पांढरं चाक फिरतंय, फिरतंय.
म्हणाला, ताई, गाडी भरून दिल्लीच्या वाटेला लागली,
तुमचं चाक अजून सावद्यातच.

मग मी तोडलं.
दारात फक्त भाव ठेवला.
वजनाच्या खोलीची अक्कल
त्या खोलीच्या कडीला हात लागल्यावरच निघेल.
कापणीची टोळी काय पहाटेपासून
सगळ्याच बागांत उभी असते?
मुकादमाला निरोप जातो, मग येते.

चाक थांबलं. मी खूश.
मंगळवारी बारा क्विंटल चाळीस किलो हरवले.

रात्री दोनपर्यंत शोधलं.
चोरी नाही, बेरीज चुकलेली नाही.
सुभाननं बटण दाबलं तेव्हा
वजनाची अक्कल अर्ध्या वाटेत होती,
उटखेड्याच्या टॉवरपाशी कुठंतरी.
आकडा आला, हाक दिली,
घरात ऐकणारं कुणी नाही.
लाल अक्षरं नाहीत, कुरकुर नाही.
आला तसा विरला.

सहावीत असताना वडिलांची बदली झाली, भुसावळ.
वर्ग ऑगस्टमध्ये कुठवर आलेला.
मी रोज हजर म्हणायचे.
पटावर नावच नव्हतं, सर पुढचं नाव घ्यायचे.
अकरा दिवस.
बाराव्या दिवशी नाव चढलं, तेव्हा
शिपाई भास्करदादांनी वहीचं मागचं पान काढलं:
अकरा रेघा, पेन्सिलीच्या,
तिरक्या, एकीवर चहाचा डाग.
कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

पहाटे मी मागचं पान लिहिलं.
ज्याचं घर अजून उघडलेलं नाही
त्यानं इथं बसावं, आल्या क्रमानं.
आणि उशिरा येणाऱ्या अकलेला एकच ताकीद:
आधी हे वाच,
मग तोंड उघड.

बारा चाळीस तेवढे हातानं भरायचे राहिले.
सुभानला फोन केला, भीत भीत.
तो म्हणाला, आकडा शे ना माझ्याकडे,
तळहातावर, बॉलपेननं,
चाळीसमधला शून्य घामानं गेला फक्त.
तुम्ही इचारलंच नाही, ताई.