आधी तारीख, मग महिना

लेहो किविस्तिक पियानो जुळवतो,
एस्टोनियातल्या विल्यान्दी गावात
आणि आसपासच्या शेतघरांत.
सगळी कामं एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहितो:
तारीख, तिरपी रेघ, महिना, नाव.
रंग नाही, चित्र नाही, घंटीही नाही.
घंटी त्याला सोसली नसती,
ती कुठल्याच सुरात नसते.

जानेवारीत लॅपटॉप बदलला.
डायरी जशीच्या तशी आली, ओळ न ओळ.
सेटिंग्ज तेवढी जुन्या यंत्रात राहिली,
घर बदलताना खिळ्यावर विसरलेल्या किल्लीसारखी.

एकोणीस फेब्रुवारीला संगीतशाळेतून फोन:
आम्ही थांबलोय.
यंत्र म्हणत होतं, आज काही नाही.

रात्री तो कान लावून बसला.
फाइलीचा पत्ता बरोबर होता.
अजेंडाला "डायरीही वाच" असं सांगायचं असतं,
ते त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
मग सापडली एक रिकामी जागा,
मारेटच्या नोंदीआधी चुकून पडलेली.
ओळ जरा आत सरकली की
यंत्र तिला वरच्या तारखेचीच धरतं;
तीन आठवडे मारेटचा पियानो
दातांच्या डॉक्टरच्या पोटात होता.
त्याने जागा पुसली, दिवा घालवला,
सापडलं म्हणून झोपला.
सापडलं होतं खरं. पण ते नव्हतं.

सात मार्चला पडद्यावर आलं:
पाइस्तू, उन्हाळी घर, किल्ली कुंडीखाली.
तो निघाला.
उन्हाळी हा शब्द त्याने वाचला
आणि गुडघाभर बर्फातून चालत गेला.
वीस वर्षांच्या विश्वासाचं असंच असतं.
आत पियानो पांढऱ्या चादरीखाली,
पट्ट्या बर्फाच्या तुकड्यांसारख्या.
हातमोजा काढून एक पट्टी दाबली.
सूर लावण्यात अर्थ नव्हता;
लाकूड उन्हाळ्यात पुन्हा आपलंच खरं करतं.
तरी तो ऐकत राहिला, नाद पूर्ण विझेपर्यंत.

दारात शेजारीण, माइमू, हातात फावडं.
"चोर असाल तर घर वाईट निवडलंत."
मग तिच्या स्वयंपाकघरात कॉफी,
वेलदोड्याचा पाव, मोजे शेगडीवर.
"पियानोवाला ना? तुम्ही तर तीन जुलैला येणार होता."

तीन, सात.
सात, तीन.
त्याने कप खाली ठेवला.

नवं यंत्र अमेरिकेच्या चालीने वाचत होतं,
महिना आधी, तारीख मागून.
बारापर्यंतची माणसं भलत्याच ऋतूत जाऊन बसलेली,
तेरापासून पुढच्यांचे तीनतेरा,
कारण तेरावा महिना कोणाच्याच घरी नसतो.
दोन फेब्रुवारीला, तीन मार्चला
तो अगदी वेळेवर पोचला होता,
म्हणून तर संशय यायला इतका उशीर.
वर्षात बाराच दिवस असे,
जे कसेही वाचा, जागचे हलत नाहीत.

घरी येऊन एक ओळ लिहिली. एकच.
यंत्राला कळलं की आपण युरोपात आहोत.
पडदा ताजा केला, आणि माणसं परतली,
कोणी मेमध्ये, कोणी नोव्हेंबरात,
एकोणीसवाले खजील होऊन आपापल्या चौकटीत.
संगीतशाळेला त्याने माफीचं पत्र लिहिलं,
कारण लिहिलं नाही. कोणाला पटलं असतं?

मग शेवटी एक नवी नोंद,
दरवर्षी येईल अशी:
७/३, माइमू, कॉफी. पियानो नाही.

जरा वेळ तो तिच्याकडे बघत बसला.
खाली चार महिन्यांवर दुसरी उभी होती:
३/७, पाइस्तू, किल्ली कुंडीखाली.
उद्या पुन्हा यंत्र बदललं,
पुन्हा ती एक ओळ हरवली,
तर दोघी फक्त जागा बदलतील.
चुकला तरी तो
त्याच गल्लीत चुकेल.

त्याने फाइल जतन केली.
एक प्रत मात्र, या खेपेला,
सेटिंग्जचीही.