सुताच्या वहीची मागची पानं

पुढून उघडली की सुताचा हिशेब:
किती कोन आले, किती साड्या गेल्या,
सावकारानं डागापोटी किती कापले.
उलटी धरली की माझं डोकं.

डावी बाजू. भुवईच्या वर बोटभर जागा.
आम्ही अर्धशिशी म्हणतो,
पलीकडच्या दारातली गंगव्वा तलेनोवु.
दोन्ही भाषांत ती सारखीच ठणकते.

तारीख सात.
शट्टुप्पामामांची जिलेबी: सूर्य उगवायच्या आत,
दुधात बुडवून, कुणाशी न बोलता.
वडगावात पहाटे जिलेबी कोण तळतो?
रात्रीच आणून ठेवली. मुंग्यांनी आधी चाखली.
पोरगं उठून रडलं, मी बोलले.
गुण: नाही.
मामा म्हणाले, नियम मोडलास.
मी खाली बारीक अक्षरात लिहिलं,
नियम मोडण्याजोगाच ठेवलाय.

तारीख एकोणीस. निपाणीची तपकीर,
नणंदेनं पाठवलेली, डबीवर मोर.
सतरा शिंका मोजल्या,
अठरावीला मागावरचा धागा तुटला.
गुण: शिंकत होते तोवर डोकं आठवलं नाही.

मग हुक्केरीकडचा पुडीवाला.
राखाडी पूड, कागदावर नाव ना गाव.
अर्ध्या तासात डोकं उतरलं!
वहीत दोन रेघा ओढल्या, जाड.
दीड महिन्यात तीस पुड्या.
तोंड सुजलं, पोटात आग,
आणि पुडी चुकली की दुखणं दुप्पट.
औषधाच्या दुकानातल्या इरफाननं
पूड बोटावर घेतली, पाहिली, झटकली.
"पैजेवर सांगत नाही वैनी,
पण यात आमच्याच गोळ्या कुटलेल्या असणार.
किती, ते त्यालाच ठाऊक."
रेघा खोडल्या नाहीत. शेजारी लिहिलं:
लागू पडलं, म्हणून बंद केलं.

गंगव्वा सहाणेवर सुंठ उगाळते.
लेप लावते, खिडकीला लुगडं अडकवते,
सुम्ने मलको म्हणते, गप पड,
आणि तिचा बसू आमच्या भिंतीकडचे
दोन माग तासभर बंद ठेवतो.
त्या तासाची मजुरी कुणीच लिहीत नाही.

श्रावणात मी काहीच केलं नाही. मुद्दाम.
दुखलं तसं दुखू दिलं, फक्त तारखा.
तिसऱ्या दिवशी दुपारी गेलं.
पुढच्या खेपेला तिसऱ्याच दिवशी, दिवेलागणीला.
मग मागची पानं परत वाचली.
जिलेबी दुसऱ्या दिवशीची.
तपकीर दुसऱ्या दिवशीची.
लेपही, बघ, दुसऱ्याच दिवशीचा.
पाहुणा पिशवी भरून निघालेलाच होता.
आम्ही सगळे त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो
आणि परत येऊन म्हणालो, आम्ही घालवला.

सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी गोळी दिली:
डोळ्यांपुढे झगमग दिसली की लगेच,
आणि महिन्यात इतक्याच, जास्त नाही.
तिलाही हीच फूटपट्टी.
पाच खेपा. चारदा त्याच दिवशी उतरलं.
एकदा नाही. तेही लिहिलंय.

लेपाचा रकाना तेवढा कोरा आहे.
सुंठ, अंधार, थांबलेले माग, तिची गार बोटं,
यांना वेगवेगळं कसं तोलायचं
मला येत नाही.
सुताचं बरं असतं. ओलं काढा, काट्यावर ठेवा.

काल नणंदेचा फोन.
"काय करूलालीस? मलाबी सुरू झालंय गं, उजवीकडं.
तुला कशानं गुण आला, तेवढं सांग की."
मी म्हटलं, आधी तारीख लिही.
औषध मागनं.
तिकडं बराच वेळ काही नाही,
नुसता विडीच्या सुपांचा आवाज.
मग म्हणाली,
"वही कसली घेऊ? रेघांची की कोरी?"