मोकळी ओळ

मी लिहिलं होतं एवढंच:
जर गैरहजेरी तीन दिवसांच्या वर,
    तर पगार कापा
    नोटीस काढा

दोन्ही ओळी चार-चार जागा आत सरकवून,
एकीखाली एक,
बघणाऱ्याला वाटावं, एकाच घरच्या.

पण क्वेरीला ते सरकवणं दिसत नाही.
'जर'चं बोट धरते फक्त पहिली ओळ.
दुसरी मोकळी, अट न विचारता
सगळ्यांच्या नावावर चालत जाते.
दोघींना एका दावणीला बांधायचं तर
वर 'बिगिन' लागतं, खाली 'एंड'.
विसरले.
जानेवारीतलं नाशिक, बोटं आखडलेली,
आणि खाली पाथर्डी फाट्याची बस हॉर्न देत होती.

सकाळी सातपूरच्या आमच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात
सहाशे बारा नोटिसा निघाल्या.
पगार कापला गेला अकराच जणांचा, तो बरोबर.
एचआरच्या खैरनारांनी पाकिटं न उघडता
पहिल्या शिफ्टला गेटवरच वाटून टाकली.

दहा वाजता टर्निंग शॉपचे दगू निरगुडे आले.
महिरावणीहून रोज लुनावर येणारे,
हात पुसलेले, तरी कूलंटचा वास.
"मॅडम, मंडळी गेली तेव्हा रजेवर होतो.
पण तीनच दिवस.
अर्ज दिलेला."

तीनच दिवस.
'तीनच्या वर' मी लिहिलं होतं, ते तरी नीट लिहिलं होतं.

कॉम्प्युटरची चूक म्हणून सुटता आलं असतं.
मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली,
बोटानं दाखवलं: ही आत आहे, ही बाहेर.
चष्मा कपाळावर सारून ते बराच वेळ बघत राहिले.

"म्हंजे लांब जॉब नुसता चकात धरला तुम्ही.
टेलस्टॉक लावलाच नाही.
जवळचं टोक सरळ फिरतं,
लांबचं फडफडतं.
ट्रेनी पोरं करतात असं."

"हो. तसंच."

"मग लावा की."

लावलं. दोन शब्द, आठ अक्षरं.
कालच्याच हजेरीवर पुन्हा चालवून बघितलं.
उत्तर आलं: अकरा.
ते माझ्या खुर्चीमागे उभे होते, म्हणाले,
"आता सेंटरला आला."

मी म्हटलं, ती नोटीस द्या इकडे,
रद्द झाल्याचं पत्र देते सहीशिक्क्यानिशी.

"पत्र द्या. पण ही राहू द्या.
एकतीस वर्षांत कंपनीचं
माझ्या नावानं आलेलं पहिलंच पाकीट.
दगू बाळा निरगुडे. बापाचं नावसुद्धा बरोबर लिहिलंय."

घडीवर घडी घातली,
खिशात ठेवली,
वरून बटण लावलं.

दुपारी डबा तसाच ठेवून
मी जुने प्रोग्रॅम उघडत गेले.
नुसते चकात धरलेले आणखी सात सापडले.
सहा माझेच.