थोडं

मे महिन्यातला मंगळवार. रामदासपेठ, दुसरा मजला,
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास
आणि पान तीनवर, ठळक, माझं शीर्षक:
'टिनाचं घर दहा अंशांनी थंड! फक्त शंभर रुपयांत!'
उद्गारचिन्हं दोन. एक माझं,
एक घाटोळे साहेबांनी जाता जाता दिलेलं.

खाली मजकूर तीनशे शब्द.
पहिल्या शंभरात मी नागपूरला सांगितलं
की नागपुरात ऊन फार.
मग तज्ज्ञांचं मत.
मग भरपूर पाणी प्या, झाडे लावा.
शंभर रुपये कुठेच नव्हते.
जागा भरली होती पण. पान वेळेत सुटलं.
पहाटे टपरीवर पोहे खाल्ले, तर्री मागून मागून,
आणि झोपलो.

बुधवारी दुपारी दोनला
अनसूया हेडाऊ आल्या, गोळीबार चौकातून, पायी.
दुपट्ट्यात गुंडाळलेलं डोकं, डोळे तेवढे उघडे,
मुठीत कात्रण. घामानं माझी शाई
त्यांच्या बोटांना लागलेली.

"दोनदा वाचलं जी.
मंग शेजारच्या पोट्ट्याकडून वाचून घेतलं,
म्हटलं मलेच दिसत नसन.
ते शंभर रुपयेवालं कुठी हाय यात?"

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
मी ओळींवरून बोट फिरवत राहिलो,
जणू मलाही ते सापडायचंच होतं.
बोट थांबलं ते शेवटी: झाडे लावा.

"लावतो जी," त्या म्हणाल्या.
"जागा नाही, पण लावतो.
नात आठ दिवसाची हाय."

कात्रण परत घेताना मूठ उघडली
तेव्हा आत शंभराची नोट दिसली,
चार घड्यांची.
पाणी न पिताच गेल्या.

शिपाई निमजे जिन्यापर्यंत पोचवून आला.
"आमच्या मोहल्ल्यात टिनावर चुना लावते, साहेब.
सरेस टाकून, दोन हात."
चुना तर मी लावलाच होता, निमजे.

संध्याकाळी इतवारीत गेलो. भाव विचारले, लिहून घेतले.
चुना तीन किलो, सरेस, एक कुंचा:
एकशे साठ. घासाघीस करून एकशे साठ.
ऑफिसच्या मागच्या स्कूटर शेडला
निमजेनं अर्ध्यात मारला, अर्धा तसाच ठेवला,
आणि दोन्हीकडं मी थर्मामीटर टांगला
दिवसभर, मूर्खासारखा, हेल्मेट घालून.
बाराला चार अंशांचा फरक.
तीनला तीन.
दहा कधीच नाही.

'टिनावर चुन्याचे दोन हात: एकशे साठ रुपयांत घर थोडं थंड'

घाटोळे म्हणाले, थोडं काढ.
थोडं कोण वाचतं बे?
मी म्हटलं, ओळीत बसतंय.
बसत नव्हतं. टाइप दोन पॉइंट उतरवला,
'हात' काढून पाहिला, परत घातला,
साडेबारापर्यंत त्या एका शब्दाला
कडेवर घेऊन बसलो.
पान पाचवर लागलं, निधनवार्तांच्या खाली.
फोन एकच आला:
सरेस म्हणजे काय हो?
तेही लिहायला हवं होतं.

पंधरवड्यानं गाडी मुद्दाम त्या बाजूनं काढली.
हातमाग सोसायटीचा जिना चढलो.
गंजक्या टिनांच्या त्या उतरंडीत
एकच छप्पर पांढरं,
डोळ्यांना टोचेल इतकं.
दाराला ओलं पोतं. आतून आवाज नाही,
कुणीतरी झोपलं असेल.

फक्त मोरीकडच्या कोपऱ्यात
दीड हात गंज तसाच होता.
चुना पुरला नव्हता.

मी जिन्यावर बसून पत्रे मोजले, एकेक,
छापलेल्या तीन किलोंना भागून पाहिले.

चार लागतात.